लाल गाडीचं पुसलेलं तेल

हसणार न्हाई म्हणून आधी शपथ घ्या, मगच सांगतो. असला गाढवपणा मी जिंदगीत एकदाच केलाय, आणि तोबी भर हायवेवर, दहा-बारा ड्रायव्हरांसमोर.

हुमनाबादेत नुकतेच एसटीडी बूथ निघाले होते तेव्हाची गोष्ट. माझं लॉरीचं गॅरेज जोरात चालायलं होतं. नुसता आवाज ऐकून मी इंजिनाचा रोग सांगायचो, आणि सांगून झालं की कोण कौतुक करायलंय का ते बघायचो.

एक दिवस दुपारी दोन सीटांची, बिनछपराची, लालभडक जुनी विलायती स्पोर्ट्स कार धक्के खात दारात आली. मी तर येडाच झालो. चालवायला सोलापूरचे म्हातारे साहेब, बाजूला त्यांची बायको, अक्का. अक्कांचं माहेर जवळच, चिटगुप्पा. तिथं भाचीचं लग्न, गोरज मुहूर्तावर. तिला ह्याच गाडीतून मांडवात आणायचा शब्द अक्कांनी दिलेला.

"अ‍ॅक्सिलेटर दाबला की अडखळतीय. जरा बघता का?" साहेब म्हणाले.

"बघायचं काय त्यात? कार्बोरेटर झिजलाय."

आता खरं सांगू? डिझेलच्या लॉरीला कार्बोरेटर नसतोच. माझी त्याच्याशी वळख मोपेडपुरती. पण ड्रायव्हर बघायलेत म्हटल्यावर माघार कशी घ्यायची?

बॉनेट उघडलं. एक न्हाई, दोन कार्बोरेटर, डोक्यावर पितळी टोपणं. एक फिरवून काढलं, तर आत तळाला तेल.

"हे बघा साहेब, इंजिनचं तेल पार इथवर चढलंय. झीज म्हणतात ती हीच."

लॉरीत नको तिथं तेल दिसलं की रोग सापडला, हा आमच्या उस्तादाचा कायदा. मी चिंधी घेतली आणि दोन्हीकडचं तेल थेंबभर न ठेवता पुसून काढलं. ड्रायव्हर माना डोलवायलेत. मला वाटलं, आता फक्त फेटा बांधायचा राहिला.

गाडी चालू केली. उभ्या जागी बरी गुरगुरली. अ‍ॅक्सिलेटर दाबला, तर एक खोकला आणि ठार बंद.

पुन्हा दाबला, पुन्हा बंद. स्क्रू आत घेतले, बाहेर घेतले, पाईप फुंकला, तोंडभर पेट्रोल गेलं. चार वाजले. शेवटी निकाल दिला, "साहेब, दोन्ही कार्बोरेटर खल्लास. तुम्ही बसनं जावा."

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. मलाबी लई वाईट वाटलं.

इतका वेळ बाकावर शेंगा फोडत बसलेल्या अक्का उठल्या. "टोपणाखालचं तेल कुठाय रे अण्णा?"

"पुसलं की अक्का. सगळं."

"कामून पुसलास? तेल कमी झालं की ती अडखळती. दर महिन्याला मी माझ्या शिलाई मशीनचं तेल घालते त्यात. लग्नाच्या गडबडीत राहिलं. तू छाती ठोकून सांगायलास, म्हणून गप बसले."

म्हणजे गाडी आली होती चमचाभर तेल मागायला, आणि मी होतं तेवढंबी पुसून घेतलं. बोला आता.

अक्कांनी मला समोरच्या टेलरकडं पिटाळलं. लॉरीचं इंजिन उतरवणारा मी टेलरपुढं तेलाची कुपी मागायलोय, आणि मागं ड्रायव्हर पोट धरून हसायलेत. अक्कांनी तेल ओतलं, मी फिरवून ठेवलेले स्क्रूबी त्यांनीच कानानं ऐकत जागेवर आणले. साहेबांनी पाय दाबला आणि गाडी अशी गर्जली, की माझ्या अंगावर काटा आला. मुहूर्त गाठता येणार होता. लाज बाजूला ठेवून मी टाळ्या वाजवल्या.

निघताना अक्कांनी मला जवळ बोलावलं. वाटलं, शाबासकी देतील.

"तुझ्या बायकोकडं शिलाई मशीन हाय का?"

"हाय की, अक्का."

"मग त्याला हात लावू नको."