हातावरचे भाऊ

डॉक्टरांनी माझा हात दिव्याखाली धरला, चष्मा कपाळावर ढकलला आणि आदरानं विचारलं, "वडील का?"

"नाही," मी म्हणालो. "लेबर कॉन्ट्रॅक्टर."

त्यांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते गिळलं. चिंचवड स्टेशनजवळ मोबाईलच्या दुकानाच्या वर त्यांचा दवाखाना होता. माझ्या उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याचा चेहरा गोंदलेला होता. डोळ्यांवर काळा गॉगल, पिळदार मिशी, डोक्यावर हिरवा-पिवळा फेटा आणि हनुवटीखाली त्याच्या तेव्हाच्या पक्षाचं चिन्ह. कोणतं ते सांगत नाही. पुढं तो इतक्या पक्षांत जाऊन आला की सांगून काही उपयोग नाही. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. मीही म्हणायचो.

आमचं गाव चाकणच्या पलीकडं. जमिनी कंपन्यांना गेल्या तेव्हा गावात पैसा आला आणि बहुतेकांनी त्याच्या गाड्या घेतल्या. भाऊनं गाडी घेतली आणि माणसंही घेतली. कंपन्यांना कंत्राटी पोरं पुरवायची, त्यांच्या पगारातून आपला हिस्सा कापायचा आणि वाढदिवस आला की त्याच पोरांकडून स्वतःचे फ्लेक्स लावून घ्यायचे, हा त्याचा धंदा. मी काही त्याच्या कंत्राटावर नव्हतो. आयटीआय करून, परीक्षा देऊन मी सीटच्या फ्रेम बनवणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्सला लागलो होतो. तरी भाऊ गावभर सांगायचा, "त्याला मीच चिकटवला." आणि मी ते ऐकून मान हलवायचो, कारण संध्याकाळी त्याच्याच ऑफिसच्या ओट्यावर बसायचं असायचं. गावात दुसरा ओटा उरला नव्हता.

असाच एक वाढदिवस होता. मंडप, डीजे, पुण्याहून आणलेले दोन टॅटूवाले. माइकवरून कुणीतरी ओरडलं, "भाऊंवर ज्याचं खरं प्रेम हाय त्यानं हात पुढं करायचा!" आणि आम्ही दाढीमिशा फुटलेले बाप्ये रांगेत उभे राहिलो. भाऊ शेजारी खुर्चीत बसून केक खात होता. एकानं लाडात येऊन म्हटलं, "भाऊ, तुमी पण काढा की एक."

"आपल्याला सुई सोसत न्हाई राव," भाऊ म्हणाला.

सगळे हसले. माझा नंबर आला तेव्हा मीही हसतच हात टेकवला.

त्यानंतर तो चेहरा काही वर्षं माझ्याबरोबर जेवला, झोपला, शिफ्टला गेला. लग्न ठरताना सासरच्यांनी तो बघितला आणि त्यांना वाटलं, मुलाच्या ओळखी मोठ्या आहेत. बायकोला मात्र तो पहिल्या दिवसापासून सहन झाला नाही. "अहो, हा बाबा झोपेत पण गॉगल काढत न्हाई," म्हणायची आणि हात पांघरुणात ढकलून द्यायची. मी तिला गप्प करायचो.

मग आबा गेले. आबा म्हणजे माझे वडील. आयुष्यभर भोसरीला एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या मशिनवर काम केलं. डाव्या हाताच्या दोन बोटांची पेरं मशिननं नेली होती, कानानं कमी ऐकू यायचं. सुट्टीच्या दिवशी शेतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती.

दशक्रिया आळंदीला, इंद्रायणीच्या घाटावर ठेवली. आमच्याकडं दशक्रियेला पुढारी येतात आणि माइक धरून श्रद्धांजली वाहतात. मेलेल्या माणसाची किंमत हल्ली तेवढ्यावरच ठरते. किती पुढारी आले, किती वेळ बोलले. भाऊ यायचा होता म्हणून सगळे थांबले होते. मी मुंडण केलेलं डोकं घेऊन उन्हात बसलो होतो. भाऊ आला, माइक घेतला आणि गळा भरून आणून म्हणाला, "गुरुजी गेले! ज्यांनी मला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, चुकलो तर छडी मारली, ते माझे गुरुजी गेले."

मी वर बघितलं. मला वाटलं, आता कुणीतरी उठेल. चुलते मान डोलवत होते. भाऊबंद मान डोलवत होते. आत्या, आबांची सख्खी बहीण, पदरानं डोळे पुसत होती. भाऊच्या मागं माझा गणपती मंडळातला जुना दोस्त उभा होता. तो तेव्हा भाऊचा उजवा हात झाला होता. मी उठून त्याच्या कानात म्हणालो, "अरे, आबा कंपनीत होते. हे काय चाललंय?"

"पलीकडच्या मंडपात एका रिटायर मास्तराचा दहावा हाय," तो कुजबुजला. "माझ्याकडनं कागद उलटसुलट झाला. आता ऱ्हाऊ दे भावा, बोलत्यात चांगलं."

बोलून झाल्यावर भाऊनं माझ्या बोडक्या डोक्यावर हात ठेवला. "गुरुजींचं नाव राख," म्हणाला आणि निघून गेला. थोड्या वेळानं पलीकडच्या मंडपातून त्याचा आवाज ऐकू आला. तेच भाषण. तीच पाटी, तीच छडी, तेवढाच भरलेला गळा. इकडं भटजी मला पाणी सोडायला सांगत होते आणि मी हात पुढं केला तर आबांच्या नावानं पाणी सोडणाऱ्या हातावर तोच थोबाड वर करून बसलेला.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "हे घालवायचं."

ती एवढंच म्हणाली, "मी येते संगं."

लेसरबद्दल लोकांना वाटतं, खोडरबरासारखं असतं. तसं काही नसतं. आधी बधिर करायचं मलम लावतात, डोळ्यांवर काळा चष्मा चढवतात. मग ते यंत्र कातडीवर टेकलं की गरम तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज होतो आणि जळलेल्या केसांचा वास येतो. मलम असूनही दुखतं. सुई दुखली होती त्याच्यापेक्षा पुष्कळ जास्त. जिथं किरण पडतो तिथं कातडी भाजलेल्या पापडासारखी पांढरी फुगते. मग बर्फ, मग मलम, मग पट्टी. फोड येतात, ते फोडायचे नाहीत. ऊन लागू द्यायचं नाही. दीड-दोन महिने थांबायचं आणि पुन्हा जायचं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, "लेसर शाई फक्त फोडतो. वाहून नेण्याचं काम तुमच्या शरीराचं. ते आपल्या गतीनंच होणार." म्हणजे एवढे दिवस हातावर होता तो माणूस आता रक्तातून फिरून जाणार होता.

बाहेर बाकावर बसलेले लोकही मला सुरुवातीला मूर्ख वाटायचे. मनगटावर कुणाचं नाव असलेली एक मुलगी. पोलीस भरतीला जायचं म्हणून मानेवरचा विंचू काढायला आलेला एक पैलवान. एक बाई तर बदाम घालवायला आली होती, बदामात दोन अक्षरं. मी नाक मुरडून बसायचो. मग एकदा त्या बाईनं माझी पट्टी बघून विचारलं, "तुमचं पण नावच का?" मी बाही खाली ओढली. तिनं निदान कुणाला तरी जीव लावला होता. विंचूवाल्याला निदान विंचू आवडला होता. मी एका दलालाचा गॉगल गोंदवून घेतला होता. त्या बाकावर माझ्याइतका गाढव दुसरा कुणी नव्हता. तेव्हापासून मी नाक मुरडणं सोडलं.

भाऊ हळूहळू जायला लागला. पहिल्यांदा गाल गेले. मग चिन्ह गेलं, ते बारीक काळ्या रेघांचं होतं. कपाळ गेलं. गॉगल आणि मिशी राखाडी झाली, फेटा मात्र जसाच्या तसा. "हिरवा-पिवळा रंग चिवट असतो," डॉक्टर म्हणाले. कंपनीत मी लांब बाह्यांचा शर्ट घालायचो. तरी भाऊच्या कंत्राटावरच्या एका पोरानं पट्टी बघितली आणि घाबरून म्हणाला, "दादा, भाऊंना कळलं तर?" ज्या माणसाला आपल्या पोरांची नावं माहीत नाहीत, त्याला आपली पट्टी कळेल अशी भीती त्या बिचाऱ्याला वाटत होती.

कळलं मात्र खरंच. एका संध्याकाळी दोस्ताचा फोन आला. "भाऊंनी बोलावलंय. रविवारी, ऑफिसवर. हाताचं कळलंय त्यांना."

बायको म्हणाली, "जाऊ नका."

मी म्हणालो, "जाणार." मला भांडायचंच होतं. आबांबद्दल जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं मी गाडीवर जाताना मनात जुळवून ठेवलं.

ऑफिसपुढं मंडप होता. नवे झेंडे, नवा रंग. भाऊनं त्याच आठवड्यात पक्ष बदलला होता. मला धरून थेट स्टेजवर नेलं. आणि माझ्या खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला. भाऊ माइकवर बोलत होता, "हा बघा खरा कार्यकर्ता! आपण पक्ष सोडायचा निर्णय ह्या आठवड्यात घेतला. पण ह्या पठ्ठ्यानं जुन्या पक्षाचं चिन्ह आधीच हातावरून पुसून टाकलं! अंगाला चटके घेतले! ज्यांच्या ज्यांच्या हातावर ते चिन्ह आहे, त्यांनी ह्याचा आदर्श घ्यायचा. खर्च माझा."

टाळ्या पडल्या. मोबाईल वर झाले. जुळवून आणलेलं सगळं बाजूलाच राहिलं. चीड आली होती, पण त्याहून जास्त किळस आली. मी नारळ टेबलावर ठेवला आणि बाही कोपरापर्यंत वर केली.

"चिन्ह न्हाई, भाऊ," मी म्हणालो. "चेहरा काढतोय."

भाऊनं हातावर वाकून बघितलं. गालांच्या जागी पांढरट कातडी, दोन राखाडी डाग आणि वर फेटा. "कुणाचा चेहरा?"

"तुमचा."

पुढच्या रांगेतल्यांना ऐकू गेलं. दोस्तानं खाली बघितलं. मला वाटलं, आता हा चिडेल, निदान मारायला धावेल. तेवढंही त्याच्यात नव्हतं. त्यानं डोळे बारीक करून पुन्हा बघितलं आणि हसला. "बरं केलंस. लय वाईट काढला होता. तेव्हा मी बारीक होतो." मग माइककडं वळून म्हणाला, "पुढचा सत्कार!"

मी तिथंच बोललो, माइकशिवाय, मोठ्यानं. "माझे वडील मास्तर नव्हते. प्रेस शॉपला होते." दोघाचौघांनी ऐकलं असेल. डीजे सुरू झाला होता.

शाल मी तिथल्याच खुर्चीवर टाकली आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. ती खूप वेळ हसली, मग तिला रडू आलं. "आबांनी असल्या माणसाला दारातला चहा पण दिला नसता," ती म्हणाली. ते खरं होतं. आबांनी त्याच्याबद्दल मला कधी काही सांगितलं नाही, पण भाऊची गाडी दारात थांबली की ते उठून गोठ्याकडं जायचे. तेव्हा मला वाटायचं, ऐकू येत नाही म्हणून.

त्यानंतरही मी जात राहिलो. गॉगल गेला, मिशी गेली. शेवटच्या वेळी डॉक्टरांनी हात नीट बघितला आणि म्हणाले, "आता थांबू. आणखी मारलं तर कातडीला व्रण राहील." जिथं फेटा होता तिथं पिवळट झाक राहिली आहे. नीट निरखलं तरच दिसते, आणि तिथं केस उगवत नाहीत. मी म्हटलं, चालेल.

पुढच्या निवडणुकीत भाऊ निवडून आला. त्यात मला नवल वाटलं नाही. निवडून आल्यावर त्यानं ओट्यावरची सगळी जुनी पोरं हलवली आणि नव्या पक्षाची पोरं बसवली. दोस्तालाही काढलं. त्याच्याकडचं पोरं पुरवायचं काम काढून घेतलं, फोन उचलणं बंद केलं. परवा मी सेकंड शिफ्टला निघालो होतो तेव्हा त्याचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. त्याचा टॅटू छातीवर आहे, माझ्याच्या दुप्पट.

"तो डॉक्टर कुठं बसतो रे?" त्यानं शेवटी विचारलं. "लय दुखतं का?"

मी त्याला पत्ता सांगितला. दुखतं का, तेही खरं सांगितलं. "लय दुखतं," मी म्हणालो, "आणि वेळ लागतो." मग मी फोन ठेवला. शिफ्टची बस आली होती.