उलट्या हातांचा कागद

सिद्राममामांचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यातल्या क्लासमध्ये सातवीच्या मुलांना आम्लं आणि आम्लारी शिकवत होते. "वैशाली, म्हादेवी घावंना झालीया," मामा म्हणाले. महादेवी माझी कॉलेजातली मैत्रीण, सांगलीत दोन वर्षं एका खोलीत राहिलेली. मामा म्हणजे तिच्या आईचे धाकटे भाऊ. सांगलीहून जत तालुक्यातल्या आपल्या गावी जाताना, गावाअलीकडच्या ओढ्यावरच्या फरशी पुलावरून ती स्कूटरसकट वाहून गेली होती आणि सापडत नव्हती. ज्या गावाला उन्हाळाभर टँकर पाणी घालतो, त्या गावच्या ओढ्यात... मी फोन ठेवला आणि उरलेला धडा पुरा केला. निळा लिटमस आम्लात लाल होतो, हे मुलांकडून दोनदा वदवूनही घेतलं. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. ते कधीतरी येईल असं सगळे म्हणतात.

आम्ही फॉरेन्सिक सायन्स घेतलं तेव्हा दोघींच्याही घरी त्याचा अर्थ कुणाला कळला नव्हता. माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. त्यांना वाटलं पोरगी फौजदार होणार. महादेवीच्या गावात बोभाटा झाला, की ती मुडदे चिरायला शिकते, आणि दोन स्थळं तेवढ्यावरच माघारी गेली. तिला त्याचं काही वाटलं नाही. "बरं झालं, पोह्यांचा घाणा वाचला," म्हणायची. घरी ती अव्वाशी, म्हणजे आईशी, कानडीत बोले, आमच्याशी जतकडच्या मराठीत, आणि तोंडी परीक्षेत एकदम छापील भाषेत, की ऐकणाऱ्याला वाटावं दुसरीच कुणी आली आहे. खरं तर त्या दोन वर्षांत आम्ही मुडदा लांबूनसुद्धा बघितला नाही. चिखलातले बुटांचे ठसे प्लास्टरमध्ये उतरवले, खोट्या सह्या भिंगाखाली धरल्या, आणि सगळ्यात जास्त हात काळे केले ते बोटांच्या ठशांपायी.

त्या ठशांच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला जोडीदाराची दहाही बोटं घ्यायची होती. काचेवर शाई रुळानं पसरायची, बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी शाईत आणि मग कागदावर फिरवायचं. वरच्या ओळीत उजवा हात, खालच्या ओळीत डावा. ठसे घेणाऱ्यानं बाजूला उभं राहायचं, असं सरांनी दोनदा बजावलं होतं. मी समोर उभी राहिले. समोरच्या माणसाचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो, एवढं बालवाडीतल्या पोराला कळतं. मला ते दहावं बोट टेकवल्यावर कळलं. कागद मोजून मिळायचे. दुसरा मागायला निघाले तर महादेवीनं शाईच्या बोटानं माझं नाक रंगवलं. "असू दे गं वैशे. मी काय आरोपी हाय व्हय? कोन बगतंय?" सरांनीही बघितलं नाही. खाली बरोबरची खूण करून सही ठोकली.

पुढं तिला सांगलीतच एका खासगी प्रयोगशाळेत कंत्राटी काम मिळालं. मी जागा निघायची वाट बघून बघून क्लासला लागले. तिनं मला कधी त्यावरून डिवचलं नाही, आणि एरवी डिवचायची एकही संधी ती सोडत नसे.

ती गेल्यानंतर सहाव्या दिवशी ओढ्याच्या खालच्या अंगाला, बंधाऱ्याच्या गाळात एक देह सापडला. चेहऱ्यावरून काही कळण्यासारखं उरलं नव्हतं. अव्वानं बघितलं आणि ठाम सांगितलं, "माजी न्हवं." डीएनएला वेळ लागणार होता. देहाच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे ठसे तेवढे नीट उमटले, पण जुळवायचे कशाशी? आधारचे ठसे असे मागून मिळत नाहीत. माझ्या पहिल्या वर्षाच्या जर्नलमध्ये तिचा कागद आहे, हे मीच मामांना फोनवर बोलून गेले. माळ्यावरून जर्नल काढलं आणि सांगलीची एसटी धरली. वाटेत ते उघडून बघितलं नाही.

तिथं पोलिसांच्या कचेरीत ठसे बघणारे गृहस्थ वयस्कर, सावकाश बोलणारे होते. बराच वेळ भिंगातून बघून ते म्हणाले, "उजवा अंगठा जुळत नाही. शेजारचं बोटही नाही. उद्या सगळं नीट तपासून लिहून देतो." दारात उभ्या मामांनी ते ऐकलं आणि ते तसेच व्हरांड्यात धावले. तिथं भिंतीला टेकून अव्वा बसली होती. इतके दिवस तिनं पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मामांचं ऐकून ती उठली, नळावर जाऊन तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि म्हणाली, "च्या सांगा की रं कुनीतर." चहा आला. तिनं बशीत ओतून, फुंकर मारून तो प्यायला सुरुवात केली.

वरची ओळ डाव्या हाताची आहे, हे जगात दोघींनाच माहीत होतं. त्या गृहस्थांनी उद्या कदाचित आपण होऊन ते पकडलं असतं, कदाचित नसतंही. मी गप्प बसले असते तर डीएनएपर्यंत गोष्ट गेलीच नसती, तो देह बेवारस म्हणून गेला असता आणि अव्वा जन्मभर सांगलीच्या एसटीकडं डोळे लावून बसली असती. पण एवढा विचार मी तेव्हा केला नाही, तो नंतर जोडला. तेव्हा मला फक्त महादेवीचा राग आला. दुसरा कागद आणू दिला असता तर काय बिघडलं असतं तिचं? अव्वाची बशी रिकामी होईपर्यंत मी थांबले आणि मग आत गेले. "सर, हात उलटे आहेत. माझी चूक झालीय तेव्हा." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि भिंग खालच्या ओळीवर सरकवलं. पुष्कळ वेळानं म्हणाले, "बस बाळ, जरा." मी बसले नाही.

अव्वाला मीच सांगितलं. मामांना ते जमलं नसतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्यो कागद तू केलावतास?"

"हो."

"मग तवा चुकलीस, का आत्ता चुकतीयास?"

"तेव्हा चुकले, अव्वा."

तिनं कपबशी हातानं लांब सारली. "जा तू," म्हणाली. मी आले निघून. दिवसकार्यालाही गेले नाही.

गेल्या आठवड्यात मामा साताऱ्याला येऊन गेले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढून माझ्यापुढं ठेवला. झाकणावरून खाली डब्यापर्यंत कागदी पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर महादेवीची सही, अर्धी झाकणावर, अर्धी डब्यावर. पुराव्याचं पाकीट आम्ही असंच बंद करायचो, कुणी मधे उघडलं तर कळावं म्हणून. लेबलही तसंच. वस्तू: शेंगांची चटणी. देणार: महादेवी, पुढं सही. घेणार: वैशाली, पुढं मोकळी जागा. साताऱ्याला यायचं म्हणून तिनं कधीतरी करून ठेवला असणार. तिच्या कपाटात मिळाला. अव्वाला वाचता येत नाही, नाव मामांनी वाचून दाखवलं.

"आक्कानं सांगाय लावलंय," मामांनी अव्वाचा निरोप दिला, "सील मोडलं न्हाई म्हनावं. हातात घिऊन बगू दे तिला."

मी बघितलं. पट्टी शाबूत होती. पेन आणून मोकळ्या जागेत सही केली, तारीख घातली, वेळ घातली. मग उघडला. चटणीत लसूण जास्त होता, तिच्या हातून तो नेहमीच जास्त पडायचा. मामांना भाकरी वाढली, मीही त्यांच्याबरोबर खाल्ली. जाताना ते दारात घुटमळले आणि म्हणाले, "डबा माघारी द्याला तूच ये म्हनलीया."

चटणी काल संपली. लेबल भिजू न देता मी डबा धुतला आणि ओट्यावर पालथा घातला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो. अव्वाला त्यात काय भरून न्यायचं, ते मला अजून सुचलेलं नाही.