एका तिकिटावर दोन जोडपी

नोकरीतले मोठमोठे गुन्हे विसरत चाललो आहे, पण तिकिटांची ती फिर्याद अजून जशीच्या तशी ध्यानात आहे.

तेव्हा मी कर्नाटकातल्या निपाणीला फौजदार होतो. एक निवृत्त मुख्याध्यापिका पतीसह ठाण्यात आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणत. त्यांची आई विड्या वळायची. घराण्यात विमानात बसलेल्या या पहिल्याच. कॉलनीतल्या मंडळींबरोबर त्या आखातात सहलीला गेल्या होत्या. तिथल्या एका उंच मनोऱ्याची तिकिटं सगळ्यांनी बेळगावच्या एका एजंटाकडून मोबाईलवर घेतली होती. बाकीचे आत गेले. आक्का आणि त्यांच्या पतीचं दोघांचं मिळून असलेलं तिकीट मात्र यंत्राने नाकारलं, कारण त्यावर आधीच कोणीतरी आत गेलं होतं. रखवालदाराने दोघांना सर्वांदेखत बाजूला उभं केलं. परत आल्यावर कॉलनीत कुजबुज सुरू झाली, की बाईंनी पैसे वाचवायला कुणाचं तरी वापरलेलं तिकीट नेलं होतं.

"पैसे गेले तर जाऊ देत, साहेब," आक्का म्हणाल्या. "पण मी लबाडी केली न्हाय, हे लोकांना कळू दे."

प्रकार परदेशातला, मग गुन्हा आपल्याकडे कसा, असं ठाणे अंमलदाराचं म्हणणं. पण तिकीट इथे विकलं गेलं होतं. मी फसवणुकीचा गुन्हा दाखल केला. जबाब कन्नडमध्ये लिहिला आणि आक्कांना मराठीत समजावून सांगितला.

एजंट बेळगावातल्याच वडगाव भागातला, बोलायला गोड. तिथलं यंत्रच बिघडलं असेल, यापलीकडे तो हलेना. असा माणूस धाकाने बोलत नाही, त्याच्यापुढे पुरावा ठेवावा लागतो. तो मिळाला आमच्या हवालदारामुळे. बेळगावजवळच्या काकतीचं एक जोडपं याच एजंटाकडून तिकीट घेऊन त्याच दिवशी, आक्कांच्या आधी मनोऱ्यावर जाऊन आलं होतं, अशी खबर त्याने आणली. त्यांच्या मोबाईलमधलं तिकीट पाहिलं, तर क्रमांक आक्कांच्या तिकिटाचाच.

दोन्ही मोबाईल समोर ठेवल्यावर एजंटाने दोन्हींवरचे क्रमांक वाचले. मग म्हणाला, "त्या दिवसाची तिकिटं संपलती, साहेब. गिऱ्हाईक जाईल म्हणून न्हाय म्हणवलं न्हाय. एकच तिकीट दोघांस्नी धाडलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. म्हणून मोबाईल जप्तीचा पंचनामा पक्का हवा होता. एरवी पंच म्हणून आम्ही समोरच्या हॉटेलातली माणसं बोलावत असू. त्या दिवशी मी आक्कांबरोबर त्यांच्या कॉलनीतल्या दोन बायकांना बोलावलं. कुजबुजण्यात त्याच पुढे होत्या. दोघींनी क्रमांक स्वतः ताडून पाहिले आणि सह्या केल्या. पेन खाली ठेवून एक जण आक्कांकडे वळली.

"आक्का, आमचंच चुकलं."

बाकावर थोडं सरकून आक्कांनी तिला जागा करून दिली.

पुढे एजंटावर दोषारोपपत्र गेलं, पैसेही परत मिळाले. पण तेव्हापासून फिर्याद लिहून घेताना काय गेलं एवढंच विचारून मी थांबलो नाही. काय परत हवं आहे, तेही विचारू लागलो.