साडूच्या लिलीचं खाणं

शिंप्याला एक साडू होता आणि साडूच्या लिलीला फुलं येत. शिंप्याला दोन्ही गोष्टी सोसवत नसत, पण साडू बदलून मिळत नाही.

साडू वरच्या मजल्यावर, शिंप्याचं घर नि दुकान खाली. शिंप्याची बायको रोज सकाळी चहाचा कप घेऊन बहिणीच्या गच्चीवर जाई आणि परत येऊन म्हणे, "दाजींच्या हाताला गुण आहे हो! आपल्याकडे मात्र पातीचा कांदा छान आलाय."

शिंप्याच्या दारातल्या लिलीचे कंद तेच होते, साडूनेच दिलेले. पण कळ्या यायच्या सुमाराला शिंपी युरिया ओती. पानं फोफावत, फूल एकही नाही. शिवाय पान पिवळं पडून लोंबलं की लगेच कात्री! जन्मभर लोंबते दोरे कापलेल्या माणसाला ते बघवणार कसं?

"साडूभाऊ, लिलीला घालता तरी काय?"

"काही नाही. नुसतं पाणी!"

त्या महिन्यात शिंप्याने साडूची पँट कमरेत अर्धा इंच घट्ट शिवली.

फुलं सरली, गच्चीवर कोणी फिरकेना. पँट काचते म्हणून निरोप आला, तेव्हा शिंपी टेप घेऊन वर गेला. साडू कुंडीपाशी उकिडवा बसून हाडांचा चुरा आणि राख मातीत कालवत होता. पिवळी पानं तशीच लोळत होती. साडूला चटकन उठून लपवालपवीही करता येईना, पँट घट्ट!

"हे पाणी वाटतं?"

साडू ओशाळला. "फुलून झालं की कंद रिकामा होतो रे. खरं खाणं तेव्हा. आणि पानं आपोआप सुकेपर्यंत कापायची नाहीत, तीच त्याला पोसतात."

शिंप्याने सगळं तसंच केलं. कात्रीसाठी बोटं शिवशिवत. गिऱ्हाइकं म्हणत, "दारात हा काय पसारा?" तो मशीन चालवत राही. पँट सैल करायचं मात्र 'उद्या करतो'वरच राहिलं.

पुढच्या हंगामात एका दांड्यावर चार लाल फुलं आली. बायको कप घेऊन निघाली, ती दारातच थबकली आणि पायरीवर बसली. "अगंबाई!" एवढंच म्हणाली. चहा तिथेच गार झाला.

गच्चीवरून साडू वाकला. "आमच्याकडे तीनच आहेत. काय घातलंस रे?"

"काही नाही. नुसतं पाणी!"

साडूचा चेहरा एवढासा झाला. तो चेहरा शिंपी चांगला ओळखत होता. वर्षानुवर्षं आरशात पाहिलेला.

"साडूभाऊ," त्याने हाक मारली, "ती पँट टाका खाली. आजच सैल करतो."