कुत्र्याच्या डोळ्यांचं माप

माझ्या थोरल्या जाऊबाईंच्या ओठांत दिवसभर चार-पाच टाचण्या असतात, त्यामुळे त्या बोलतात कमी आणि हुंकारतात जास्त. गल्लीतली पोरं त्यांना टाचणीकाकू म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण कबूल करतील तर त्या जाऊबाई कसल्या! तीस वर्षं आम्ही दोघी एका घरात आहोत. मोठे दीर गेल्यापासून पुढची खोली त्यांची. खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला लांब फळी, आणि फळीवर एक माकड, एक अस्वल, दोन ससे आणि वाघ, सगळे नुसते मानेपासून वर. विजेचं मीटर बघायला आलेला एक माणूस एकदा आकडा न घेताच परत गेला होता.

पोशाख भाड्याने देणाऱ्या एका दुकानासाठी त्या ही डोकी करायच्या. शाळेच्या स्नेहसंमेलनात, खेळण्यांच्या दुकानासमोर, कुठल्याशा जाहिरातीत ती डोकी घालून माणसं नाचायची. जाऊबाई म्हणायच्या, "अंगरखा कुणीही शिवेल गं. चेहरा शिवता यायला हवा." बाई नाकासमोर चालणारी, पण मापाच्या बाबतीत महाहट्टी. "मापात पाप करायचं नाही," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की झोपेतसुद्धा म्हणून दाखवीन. त्यांचा एक नेम होता. कुठलंही डोकं स्वतः घालून, खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन परत आल्याशिवाय ते घराबाहेर पाठवायचं नाही. मी भाजी चिरत असायची आणि वाघ येऊन ओट्यावरचं पाणी पिण्याचं सोंग करून जायचा. "मला दिसलं की जगाला दिसलं," असं म्हणून मग त्या डोकं पिशवीत भरायच्या.

गेल्या वर्षभरात मात्र बाईंचा वेंधळेपणा वाढला होता. ओट्याच्या कडेला ठेवलेला पेला त्यांच्या कोपराने खाली जायचा. दाराची चौकट त्यांना रोज नव्याने लागायची. माझ्या पायावर तर त्या इतक्यांदा पाय देत की मी घरात चपला घालायला लागले. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही. "ताई, लक्ष कुठे असतं तुमचं?" हे मी दिवसातून दोनदा तरी म्हणत होते. निळ्या फुलांचा माझा शेवटचा कप फुटला तेव्हा तर मी दोन दिवस अबोला धरला. त्यांनी तुकडे गोळा केले. एक मोठा तुकडा त्यांच्या उजव्या पायाशीच पडून होता, तो त्यांनी तसाच सोडला. मी म्हटलं, मुद्दाम सोडलाय. माणसाचं मन असं असतं बघा, कपामागे माणूस दिसत नाही.

त्यातच दुकानदाराने एका महिन्यात दोन ससे परत पाठवले. ससा घातलेला माणूस व्यासपीठावरून खाली पडला, असं त्याचं म्हणणं. त्यानंतर त्याचं काम येईना. जाऊबाईंचा तिळपापड झाला. "नाचता येईना अंगण वाकडं," त्या म्हणाल्या. पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, हेही मी पाहिलं.

मग ती दातवाली आली. दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करणारी पंचवीसेक वर्षांची मुलगी, आवाज इतका बारीक की मशीन थांबवल्याशिवाय ऐकू येऊ नये. तिने एक चित्र पुढे केलं. करड्या रंगाचा कुत्रा, एक कान उभा, एक पडलेला, हनुवटीपासून छातीपर्यंत पांढरा. तो तिने स्वतः मनातून काढला होता, आणि तिला तो व्हायचं होतं. तिच्यासारखी बरीच मंडळी आपापलं जनावर होऊन एका हॉलमध्ये जमतात, असं तिने सांगितलं.

"आणि जमून काय करता?" मी विचारलं.

"बोलतो," ती म्हणाली. "मला एरवी बोलता येत नाही ना."

मी हसणार होते, पण जाऊबाईंनी ओठांतल्या टाचण्या काढून टाचण्यांच्या गादीत खोचल्या. एवढा मान त्या कुणाला देत नाहीत. त्यांनी मुलीच्या डोक्याचं माप घेतलं, कपाळ, कानशिलं, हनुवटी, दोनदोनदा. ती गेल्यावर मला म्हणाल्या, "हा कुत्रा परत आला तर मी मशीन झाकून ठेवीन. कायमचं." बाई शब्दाची पक्की. मशीन झाकलेल्या जाऊबाई कशा दिसतील हे माझ्या डोळ्यांसमोर येईना.

तीन आठवडे त्या कुत्र्याला चिकटून होत्या. आधी फोमची टोपी, मग तिच्यावर फोमचेच तुकडे चिकटवून गाल, भुवया, लांब तोंड. जबडा इलास्टिकने असा बांधलेला की आतल्या माणसाने तोंड उघडलं की कुत्र्याचंही उघडावं. त्यावर पातळ प्लास्टिक आणि चिकटपट्टी गुंडाळून शाईने रेघा मारल्या, पट्टी रेघांवर कापून सपाट केली, की झाले फर बेतायचे नमुने. प्रत्येक तुकड्यावर बाण, केस कुठल्या दिशेला पडायचे त्याचा. फर मागच्या बाजूने ब्लेडने कापायची, नुसतं मागचं कापड. कात्री लावली की केस तुटतात आणि शिवण बोडकी दिसते. सगळं शिवून झालं की ट्रिमरने नाकाडावर केस बारीक करायचे आणि गालावर लांब ठेवायचे. डोळ्यांना काळी-पांढरी रंगवलेली जाळी. बाहेरून डोळा, आतून खिडकी.

मुलगी पहिल्यांदा बघायला आली तेव्हा आनंदाने तिला हुंदकाच फुटला. तिने डोकं घातलं, जबडा उघडून खणखणीत आवाजात म्हणाली, "काकू, हा मीच आहे!" आणि वळली ती थेट कपाटावर आदळली.

"काहीच दिसत नाही, काकू. फक्त समोर थोडंसं."

जाऊबाईंनी डोकं घेतलं, स्वतः घातलं, स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आल्या. वाटेत चौकट लागली, पण ती तर रोजच लागते. "मला तर सगळं दिसतंय," त्या म्हणाल्या. तरी भलेपणाने डोळ्यांची भोकं सुपारीभर मोठी केली. चार दिवसांनी मुलगी पुन्हा आली, स्टुलाला अडखळून पडली आणि गुडघा सोलून घेतला. शिवाय तिने घाबरत घाबरत दाखवलं की कुत्र्याचा डावा गाल उजव्यापेक्षा जाड राहिलाय. खरंच राहिला होता. त्यांच्या जमण्याचा दिवस शनिवार होता. ती कुत्रा तिथेच ठेवून लंगडत गेली.

"सवय नाही या पोरींना," जाऊबाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

मी म्हटलं, आणा इकडे, मीच निकाल लावते. आणि ते डोकं मी घातलं.

आत फोमचा आणि गोंदाचा वास. समोर दोन नाण्यांएवढा उजेड, त्यात खिडकीचा एक तुकडा. माझे हात नव्हते. जमीन नव्हती. फळी, मशीन, जाऊबाई, सगळं नाहीसं झालं होतं.

"ताई, कुठे गेलात?"

"ही काय, तुझ्या शेजारी."

"दिसत नाही हो."

"शेजारचं कसं दिसेल? मान वळव."

"अहो, मान न वळवता दिसायला हवं ना!"

"मान न वळवता शेजारचं कुणाला दिसतं?" त्या म्हणाल्या. वाद घालायच्या सुरात नव्हे. पाणी ओलं असतं, हे सांगावं तसं.

मी डोकं उतरवलं. मान न वळवता मला त्या पूर्ण दिसत होत्या: गळ्यातली टेप, ओठांतल्या टाचण्या, चौकटीने सुजलेला कोपर. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले, त्यांच्या कानाजवळ हात नेला आणि बोटं हलवली.

"किती बोटं आहेत, ताई?"

"कुठे?" त्या म्हणाल्या.

हात आणखी पुढे आणला. गालापाशी. तरी त्या समोर खिडकीकडेच बघत होत्या, उत्तर द्यायला तयार, एखाद्या शहाण्या मुलीसारख्या. माझा हात पार नाकाच्या शेंड्याजवळ आला तेव्हा त्या दचकून म्हणाल्या, "केवढ्या जवळ आणतेस, तीन!" निळा कप, त्यांच्या पायाशी राहिलेला तो तुकडा, वर्षभराचं माझं 'लक्ष कुठे असतं', सगळं एकदम माझ्या अंगावर आलं. काय झालं, असं त्या विचारत राहिल्या.

मोतीबिंदू असेल, काढून टाकतील, असं म्हणत मी त्यांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथे एका पांढऱ्या यंत्रात हनुवटी ठेवून बसायचं होतं. आत उजेडाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मी कोपऱ्यात बसले होते. बटणाचा टिक आवाज यायचा, मग बराच वेळ यायचा नाही. त्या मन लावून वाट बघत होत्या. ठिपके येत असणार, मला खात्री आहे. मी देवाला, यंत्राला, बटणाला, सगळ्यांना मनातल्या मनात सांगत होते, वाजा रे.

डॉक्टरीणबाईंनी कागद दाखवला. दोन काळी वर्तुळं, मध्ये जरासं पांढरं. "काचबिंदू," त्या म्हणाल्या. "कडेकडेने जातं, त्यामुळे माणसाला कळतच नाही. गेलं ते परत येत नाही. थेंबांनी उरलंय ते टिकवायचा प्रयत्न करू." मग माझ्याकडे बघून, "घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

लक्षात आलं होतं ना. रोज दोनदा येत होतं.

रस्ता ओलांडताना मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. पुढे फुटपाथची कड आली आणि त्यांनी आपणहून माझा हात धरला. तेव्हापासून मी घड्याळ लावून त्यांच्या डोळ्यांत थेंब घालते. गेलेलं परत यायचं नाही हे मला समजलंय. पण दुसरं करण्यासारखं माझ्या हातात काहीच नाही, तर निदान थेंब तरी वेळेवर पडावेत.

शुक्रवारी सकाळी बघते तो त्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेल्या. "उद्या शनिवार आहे," त्या म्हणाल्या. "भोकं किती हवीत ते मला आता कळायचं नाही. तू बस. आधी हे डोकं न घालता तुला किती दिसतं त्याचं माप घेऊ."

मला समोर बघायला सांगून त्यांनी शिंप्याचा खडू माझ्या कानामागून हळूहळू पुढे आणायला सुरुवात केली. दिसला की सांगायचं. तो मला लगेच दिसला, कानशिलाशीच. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वाटलं, जरा उशिरा सांगावं. त्यांना किती गेलंय ते इतकं उघडं कशाला दाखवायचं? खडू गालाच्या पुढे आल्यावर मी म्हटलं, "हां, आता."

त्या थांबल्या. टेपने मोजलं. "हे तर मी कापलेल्या भोकाएवढंच आलं," त्या म्हणाल्या. "पोरगी पुन्हा पडेल. मापात पाप करू नकोस."

पुन्हा खडू कानामागून निघाला. या वेळी मी कानशिलाशीच म्हटलं, "दिसला."

"इथे?"

"हो, ताई."

"इथे दिसतो?"

"हो."

त्यांनी तोच खडू स्वतःच्या कानामागे धरला. समोर बघत हळूहळू पुढे आणला. कान गेला, कानशील गेलं, गाल गेला, डोळ्याचा कोपरा गेला. खडू नाकाला टेकत आला तेव्हा हात थांबला. मग त्यांनी खडूकडे बघितलं, माझ्या कानशिलाकडे बघितलं, आणि मधलं अंतर डोळ्यांनीच मोजलं.

"एवढं असतं होय," त्या म्हणाल्या.

मला त्यांच्यासमोर तोंड दाखवणं अशक्य झालं. मी कुत्रा उचलला आणि घातला, मापासाठी, असं म्हणून. आत डोळ्यांतून जे काय वाहायचं ते वाहिलं. पुसायची सोय त्या डोक्यात नसते. बाहेरून जाऊबाईंनी कुत्र्याचे दोन्ही गाल हातात धरून त्याचं तोंड स्वतःकडे वळवलं.

"हलू नकोस. काय काय दिसतंय ते सांग."

"तुम्ही दिसताय, ताई," मी म्हटलं. "फक्त तुम्हीच."

"मग भोक अजून लहानच आहे," त्या म्हणाल्या. "काढ ते, कापते."