नानीची दोन दिवसांची रजा

माझी थोरली चुलती जानकाबाई. आम्ही सगळे तिला नानी म्हणतो. तिला मांडी घालून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. ती बसायची ती उकिडवी, कारण कुणीतरी हाक मारणार आणि उठावं लागणार हे ठरलेलंच. आळे गावातून लग्न होऊन राजुरीला आली तेव्हापासून तिचा दिवस गोठ्यात सुरू व्हायचा आणि गोठ्यातच संपायचा. मधे चूल, शेत, पाहुणे, धुणं आणि परत चूल. तिचे यजमान, म्हणजे माझे चुलते चांगदेव, यांना आम्ही तात्या म्हणतो. तात्या देवमाणूस. पण घरात पाण्याचा माठ कुठं आहे असं त्यांना विचारलं तर ते नानीलाच हाक मारतील.

माझे वडील मधले भाऊ. ते नोकरीसाठी भोसरीला आले आणि तिथलेच झाले. मीही तिथल्याच एका कारखान्यात पाळ्या करत चिकटलो. दोन हजार चार सालच्या थंडीत माझ्या मुलीचं बारसं होतं. नानी आली आणि पाय धुऊन थेट पोळपाटाशी बसली. माझी बायको स्नेहा "राहू द्या, राहू द्या" म्हणत राहिली. पुऱ्या लाटता लाटताच नानी तिला म्हणाली, "स्नेहा, मला दोन दिस पुन्यात राहायचंय. मी आन् हे. दोघंच."

"या की. घर तुमचंच आहे."

"तुज्याकडं न्हाई. लॉजवर."

स्नेहाला वाटलं, थट्टा चाललीय. नानीनं लाटणं थांबवलं नाही. "तुज्याकडं आले तर ह्ये असंच लाटत बसंन. हात गप ऱ्हात न्हाईत माजे. मला टेबलापाशी बसून जेवायचंय. वाढणारा वाढंल. आन् जेवून झालं की ताट तिथंच ठिवून उठायचं."

मग तिनं स्नेहाला आणखी एक गोष्ट सांगितली, ती बाईनं बाईलाच सांगायची. पूर्वी महिन्याचे चार दिवस चुलीला शिवायचं नसायचं, तेवढी तरी सुटका होती. कोपऱ्यात बसल्या जागी आयतं ताट यायचं. आता वयानं तेही थांबलं. पाहुणे गेल्यावर स्नेहानं मला हे सांगितलं आणि वर म्हणाली, "तुमच्या घरात बाईला रजा मिळते ती अशी." मी काहीच केलेलं नसताना दिवसभर माझ्याशी धड बोलली नाही.

मला खरं तर राग आला होता. सख्खा पुतण्या पुण्यात असताना चुलता-चुलती लॉजवर उतरली हे राजुरीत कळलं असतं, तर लोकांनी माझ्या तोंडात शेण घातलं असतं. पण नानीनं आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. तेव्हा ठरलं की हे गुपचूप करायचं.

गुपचूप करणं सोपं नव्हतं. त्यांच्या घरी फोन होता, पण तो ओसरीत, आणि वाजला की सगळं घर त्याच्याभोवती जमायचं. त्यामुळे बोलणी व्हायची ती मी राजुरीला गेलो की गोठ्यात, नानी धार काढत असताना. माघात गाय व्यायला झाली. फाल्गुनात कांदा काढणीला आला. चैत्रात भावकीतली लग्नं. मी कारखान्यात रजा मागायचो आणि परत घ्यायचो; साहेबानं शेवटी विचारलं, "नक्की कुणाचं काय आहे?"

मी हौसेनं कार्यक्रमही आखला होता. शनिवारवाडा, सारसबाग, पर्वती, कात्रजचे साप. नानीनं सगळं ऐकून घेतलं.

"एवढं हिंडायचं म्हंजे खुरपायला गेल्यागतच झालं की रं. मला दुपारची निजू दे. बाकी ऱ्हाऊ दे समदं."

"आन् मी काय करू तिथं?" तात्यांनी विचारलं.

"तुमीबी निजा."

राहिला प्रश्न घरात काय सांगायचं याचा. नवराबायको उगीच, काही काम नसताना, पुण्याला जातात असं आमच्याकडे होत नाही. माझ्याकडे पूजा आहे म्हणावं, तर सगळं घर जीप करून पूजेला येणार. आळंदीला जातो म्हणावं, तर शेजारच्या दोन म्हाताऱ्या पिशव्या भरून तयार. विहिरीवरच्या मोटारीचा पार्ट आणायचाय म्हणावं, तर त्याला बाई कशाला? आणि या सगळ्यांत खरी भीती होती ती ठकूबाईची. ठकूबाई म्हणजे धाकट्या गोरखकाकांची बायको, नानीची जाऊ. तिची जीभ विळ्यासारखी, आणि नजर त्याहून. नानी दोन दिवस नसली की तिच्या वाटणीचा गोठाही ठकूकाकीच्याच गळ्यात पडणार होता. अशा बाईला काय सांगणार, की जाऊबाई निजायला पुण्याला गेल्यात? शेवटी ठरलं, काहीच सांगायचं नाही. सकाळी उठायचं आणि जायचं.

वैशाख सरत आला तेव्हा कुठं फट सापडली. शनिवारी सकाळी मी शिवाजीनगरच्या एसटी स्टँडवर उभा राहिलो. आळेफाट्याहून गाडी आली. तात्या उतरले ते खाली मान घालून. मागून नानी, चेहरा लाल.

"चांगली उभी हाय मी, आन् ह्यांनी मला आजारी पाडलं!"

झालं होतं असं. आदल्या संध्याकाळी दूध घालायला गेल्यावर "उद्या आमी पुन्याला" असं तात्या बोलून गेले, आणि गोरखकाकांनी सहज विचारलं, "दोघंबी कशाला चाललाय पुन्याला?" तात्यांना खोटं बोलायची सवय नाही. तोंडातून निघालं, "हिला दाखवायचंय." आमच्याकडे या उत्तरानंतर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. कुठल्या दवाखान्यात, एवढंच विचारतात. तात्यांना पुण्यातला एकच दवाखाना माहीत, जिथं त्यांचं स्वतःचं अपेंडिक्स काढलं होतं. त्यांनी त्याचं नाव सांगून टाकलं.

"बरं झालं की," मी म्हणालो. "कारण तरी झालं." भोसरीत राहून माझं डोकं किती शहरी झालं होतं ते त्या दिवशी कळलं.

लॉज सदाशिव पेठेत होतं. साधं, स्वच्छ, खाली खाणावळ. नानीनं खोलीत पाऊल टाकलं, गादी हातानं दाबून पाहिली, पांढऱ्या चादरीवर बसावं की नको असं करत टेकली. मग पाय वर घेतले आणि मांडी घातली. खिडकीतून वारा येत होता. तात्या खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मी खालून चहा मागवला. कुणालाच कुठं जायची घाई नव्हती, आणि ते फार बरं वाटत होतं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. गोरखकाका. मंचरच्या बूथवरून बोलत होते.

"रवींद्र, आमी जीप केलीय. सावळेरामबी हाय, बेल्ह्याची पोरगी हाय. कंच्या वॉर्डात ठिवलंय वयनीला?"

आजारी माणसाला भेटायला जायचं असतं. ही साधी गोष्ट मी विसरलो होतो. लग्नाला नाही गेलं तर चालतं, रुसवा निघतो. दवाखान्यात नाही गेलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. मी नानीकडे पाहिलं. तिनं सगळं ऐकलं होतं. हळूच मांडी मोडली आणि पाय खाली सोडले. चहा वर येईपर्यंत आम्ही रिक्षात होतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात एक रिकामा बाक धरला. "तपासण्या चालल्यात, बाहेरच बसायला सांगितलंय" असं सांगायचं ठरलं. नानीला म्हटलं, जरा आडवी हो, आजारी दिस. ती म्हणाली, "मला न्हाई येत नाटक करता." तरी पदर तोंडावर घेऊन बाकावर आडवी झाली, आणि आम्ही दोघं जीपची वाट पाहत असताना तिला झोप लागली. खरीखुरी झोप. भर दुपारी, आया-नर्सांची ये-जा, कुणाचं मूल रडतंय, आणि नानी ढाराढूर.

गोरखकाका आले ते धावतच. मागे शेजारचा सावळेराम, हातात शहाळी. काकांची बेल्ह्याला दिलेली लेक बिस्किटाचे पुडे घेऊन. चार-दोन भावकीतली माणसं. सगळ्यात शेवटी ठकूकाकी, डोक्यावर डब्यांचं गाठोडं. बाकावरचं ते गाठोड्यासारखं पडलेलं शरीर पाहून सगळी जागच्या जागी थबकली. नानीचा चेहरा झोपेत उघडा पडला होता. डोळ्यांखाली काळं, गालफडं बसलेली, तोंड किंचित उघडं. रोज तिला पाहणाऱ्या त्या माणसांनी तिला पहिल्यांदाच स्थिर पाहिली असावी.

"गळाली की हो पार," कुणीतरी हळू आवाजात म्हणालं.

सावळेराम माझ्या कानाशी लागला. "आमच्या साडूचं असंच झालं, राव. हिंडता फिरता माणूस. नुसता दाखवायला न्हेला, आन्..." मी त्याला शहाळं फोडून आणायला पिटाळलं.

गोरखकाकांना आई आठवत नाही. त्यांना नानीनंच वाढवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला शरम वाटली, आणि शरमेपेक्षा जास्त थकवा आला. नाटक आमचं होतं, पण बाकावर जी बाई पडली होती तिच्यात नाटक कुठंच नव्हतं. तात्याही ते पाहत होते. ते तिच्या पायांशी बसले आणि त्यांनी तिच्या टाचेवरून सरकलेला लुगड्याचा काठ नीट केला. चारचौघांत त्यांनी तिच्यासाठी असं काही केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नानी जागी झाल्यावर ठकूकाकीनं गाठोडं सोडलं. भाकरी, पिठलं, कांदा, खर्डा. बाकावर फडकं अंथरलं, स्टीलच्या दोन ताटल्या मांडल्या, एक तात्यांपुढे, एक नानीपुढे.

"तू घे की आधी," नानी म्हणाली.

"गप जेवा, आक्का."

नवराबायको शेजारी शेजारी बसून जेवली. ठकूकाकी उभी राहून वाढत होती. नानीनं शेवटचा घास घेतला आणि सवयीनं ताटली उचलायला वाकली, तर ठकूकाकीनं ती तिच्या हातातून काढून घेतली आणि नळाकडे गेली. नानी रिकामे हात घेऊन बसली. तिला ते कुठं ठेवावेत कळत नव्हतं.

बाकी सगळ्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, डॉक्टर काय म्हणाला, काय निघालं. ठकूकाकीनं एकदाही विचारलं नाही. त्याचीच मला जास्त धास्ती वाटायला लागली.

उन्हं कलल्यावर जीपवाला घाई करू लागला. तेव्हा गोरखकाकांनी बाकावर बैठक मारली.

"तुमी जा समदी. मी मुक्कामी ऱ्हातो वयनीपाशी."

दिवस तर गेलाच होता. राहिली होती एक रात्र, ती खिडकीवाली खोली आणि खाणावळीतलं ते टेबल. काका राहिले की तेही गेलं; तिघांनी याच व्हरांड्यात डास मारत बसायचं. नानीनं माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. तिनं सोडून दिलं होतं. संसाराच्या पस्तीस-चाळीस वर्षांत तिनं जे जे सोडून दिलं त्यात आणखी एक.

"आन् गायी कोण बघंल?" ठकूकाकीचा आवाज आला. "मी एकली दोन गोठ्यांची धार काढू? उठा. भावजी हायेत, रवींद्र हाय. तुमी हितं बसून काय डाक्टर होणार हाय का?"

"अगं, पर वयनी..."

"वयनीला निजू द्या. चला म्हन्ते ना."

काका कुरकुरत उठले. मी सगळ्यांना जीपपर्यंत सोडायला गेलो. माणसं दाटीवाटीनं बसली. काका पुढे ड्रायव्हरशेजारी. ठकूकाकी मुद्दाम मागे राहिली. मला म्हणाली, "अबोली लुगडं न्हेलंय आक्कानं. लग्नात नेसायचं. दवाखान्यात न्हेतं व्हय कुणी?"

"काकी, ते..."

"मी कुणाला बोलले का? काल पेटी उघडली तवाच कळलं मला." ती डब्यांचं गाठोडं घट्ट बांधत होती. तिच्या बोटांना कांद्याच्या पातीनं पडलेल्या चिरा होत्या, थेट नानीच्या हातांसारख्या. बांधून झालं तरी ती जीपकडे वळली नाही. आवाज खाली आला. माझ्याशी ती अशी कधीच बोलली नव्हती.

"रवींद्र, फुडल्या साली माजंबी कायतरी निघतंय का बघ रं. लई मोठं नको. दोनच दिसांचं."

मला हसू आलं. "बघतो की काकी. तुम्ही आणि गोरखकाका, दोघांचंच..."

तिनं जीपच्या पुढच्या सीटकडे पाहिलं. काका खिडकीतून हात काढून तिला बोलावत होते.

"ह्ये आलं तर तिथंबी ह्यांचंच करावं लागंल," ती म्हणाली. "माजं एकलीचं काढ."