लोणच्याच्या बरणीवरचं खंड

"तिथी धान होते का?" बाईने विचारलं.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण. ब्रह्मपुरीकडच्या एका गावात तिची धानाची शेती आहे. दिवाळी आटोपून गुडघे दाखवायला ती आमच्याकडे चंद्रपूरला आली, तेव्हा नव्या धानाची एक लहान पिशवीही बरोबर घेऊन आली.

"धान नाही होत," मी म्हणालो.

"जवारी?"

"नाही."

"मंग होते तरी काय?"

"बर्फ."

बाईने चहाची बशी खाली ठेवली. "म्हंजे चार महिने पोरगी बर्फ खाईन."

प्रश्न माझ्या मुलीचा होता. ती भूशास्त्र शिकून नागपूरला नोकरी करते. अंटार्क्टिकाला उन्हाळी तुकडीबरोबर जाण्यासाठी तिची निवड झाली होती. तपासण्या झाल्या होत्या, हिमालयातला बर्फाचा सरावही झाला होता. आता शुक्रवारपर्यंत फक्त होकार कळवायचा होता. पण पाचवीपासून बारावीपर्यंत ती बाईकडे राहून शिकली. तिने फोनवर स्पष्ट सांगितलं, "आत्याबाई हो म्हणेपर्यंत मी कळवणार नाही." आमच्या, म्हणजे आईबापांच्या, होकाराची तिने चौकशीही केली नाही.

बाईचं म्हणणं थोडक्यात असं होतं: जिथे दाणा उगवत नाही आणि आपलं कोणी नाही, तिथे घरातलं माणूस पाठवायचं नाही.

मी कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर काम करतो. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. आकडा दोनदा पाहिल्याशिवाय मी चिठ्ठीवर सही करत नाही. त्यामुळे त्या आठवड्यात ड्यूटीवरून आलो की मी त्या खंडाची माहिती काढायचो, दोन ठिकाणी जुळवायचो, मग बाईला सांगायचो. तिला पटवायला म्हणून सुरुवात केली खरी, पण तिसऱ्या दिवशी मलाच त्याची नशा चढली.

"बाई, आपल्या देशासारखे चार देश त्यात बसतात, वर थोडी जागा उरते."

"अन् राह्यते कोन?"

"कायमचं कोणीच नाही. ते कोण्या देशाचंही नाही. तिथे खाण खोदायला बंदी आहे."

"म्हंजे तुह्या कामाचं नाई ते."

"बर्फाचा थर सरासरी दोन किलोमीटर. म्हणजे आपल्या घरापासून मंदिरापर्यंतचा रस्ता उचलून उभा केला तेवढा. जगातलं बहुतेक गोडं पाणी तिथे गोठून पडलंय. आणि तरी ते वाळवंट आहे, जगातलं सगळ्यात मोठं."

इथे बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "पाण्याचं वाळवंट?"

"पाऊस जवळजवळ पडतच नाही. आत मध्यावर वर्षभरात जेवढं पडतं, तेवढं आपल्याकडे श्रावणात एका दुपारी पडतं."

"अन् थंडी?"

"उणे एकोणनव्वदची नोंद आहे. आपल्याकडे मे महिन्यात सत्तेचाळीस होतं. वजाबाकी केली तर फरक एकशे छत्तीस अंशांचा."

"एवढा फरक तं सासू-सुनेतबी नसते," बाई म्हणाली. बायकोने मान डोलावली, ती कोणत्या बाजूने ते कळलं नाही.

तुकडी जाते ती किनाऱ्यावर आणि उन्हाळ्यात, तिथे एवढी थंडी नसते, हेही मी लगेच सांगितलं. अर्धं सांगून पटवणं मला जमत नाही. म्हणून पुढची गोष्टही सांगून बसलो: त्या उन्हाळ्यात दोनेक महिने सूर्य मावळतच नाही.

बाई एकदम सरळ बसली. "मंग सोमवार कसा सोडीन ते?"

मुलगी बाईकडे राहायची तेव्हापासून सोमवार धरते, आणि दिवस मावळल्यावर जेवते. हा मुद्दा मला कुठल्याच ठिकाणी सापडला नव्हता. मी फोन लावला. पलीकडून मुलगी इतकी हसली की तिला पाणी प्यावं लागलं.

"आत्याबाई, चंद्रपूरचा सूर्य मावळला की बाबा मेसेज करतील, मी जेवीन."

"तुहा बाप इसरला तं?"

"बाबा विसरतील?"

बाईने माझ्याकडे पाहिलं आणि तो मुद्दा सोडला. पण होकार नव्हता. बुधवार उजाडला.

त्या दिवशी मी एक मजकूर वाचला आणि तसाच उठून स्वयंपाकघरात गेलो. आमच्याकडे लोणच्याच्या बरणीवर एक चपटा काळपट दगड असतो. मुलगी सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत आली होती, तेव्हा तिला तो खाणीच्या रस्त्याकडेला सापडला. त्यावर एका लांबट पानाचा ठसा आहे, मधली शीर आणि जाळी स्पष्ट दिसते. खरं तर या दगडापायीच ती भूशास्त्राकडे वळली. पण पुढे फोडींवर दाब द्यायला बायकोला काहीतरी जड हवं होतं, आणि पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचं ते पान कैरीच्या लोणच्यावर जाऊन बसलं.

मी दगड धुऊन बाईपुढे ठेवला.

"हे पान दिसतं?"

"मोहासारखं दिसून राह्यलं. पन मोह नोहे."

"मोह नाही. ही झाडंच आता जगात उरली नाहीत. ती इथे दलदलीत वाढली, गाडली गेली, त्यांचा कोळसा झाला. मी रोज तोच तोलतो. आणि हेच पान, असंच, अंटार्क्टिकाच्या डोंगरातल्या कोळशातही सापडतं."

"तिथी तं बर्फ हाय म्हनतो."

"तेव्हा नव्हता. तेव्हा ते खंड आणि आपण एकाच जमिनीचे तुकडे होतो. आफ्रिकाही, ऑस्ट्रेलियाही, दक्षिण अमेरिकाही. मग जमीन फाटली आणि आपण उत्तरेला निघून आलो."

"केवढ्या जोरात?"

"आता सरकतो तो वेग सांगतो. नखं वाढतात ना, साधारण तसा."

बाईने आपली नखं पाहिली. बायकोनेही पाहिली. मीही पाहिली. तिघंही काही वेळ नखं बघत बसलो.

"आणि त्या सगळ्या मोठ्या जमिनीला जगभर काय म्हणतात माहीत आहे? गोंडवाना. आपल्या या मुलखाच्या नावावरून. ब्राझीलमधला पोरगा शाळेत भूगोल शिकतो, तर आपलं नाव घोकतो."

हे सांगताना माझा आवाज चढला होता. खाणीत सत्तावीस वर्षं काढली, कोळशाचा एकेक टन लिहिला, आणि त्या टनात चार खंडं आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

बाई बराच वेळ पानावरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे आपलं झाड तिथी होतं."

"होतं."

"मंग परकं कसं म्हनाव त्याले. लाव फोन."

तिने मुलीला सांगितलं, जा, आणि मी श्वास सोडला. पण पुढचंच वाक्य होतं, "जाताना आपल्या वावरातलं मूठभर नवं धान घेऊन जा." बाईकडची ही रीत आहे. घरातलं माणूस लांब निघालं की नवं धान पुरचुंडीत बांधून देतात.

मग मुलगी हळूच म्हणाली, "आत्याबाई, तिथे बी न्यायला बंदी आहे. एक दाणासुद्धा नाही. जाण्याआधी बुटांचे तळवे साफ करतात, खिसे उलटे करून बघतात. परकं काही उगवायला नको म्हणून."

"आत्ता तुहा बाप आपलं म्हनत होता, आता परकं झालं? दाना नाई तं जानं नाई."

फोन ठेवला. गुरुवार असाच गेला. बायकोने सुचवलं, तांदूळ द्या, तो उगवत नाही. बाई म्हणाली, सोललेला दाणा पुरचुंडीत बांधत नाहीत. मी नियम पुन्हा दोन ठिकाणी पाहिले. बंदी उगवणाऱ्या गोष्टीला होती, खाऊला नव्हती. हे मी मोठ्याने वाचलं, आणि बाई उठून स्वयंपाकघरात गेली.

"कढई तापव," ती बायकोला म्हणाली. "लाह्या उगवत नाईत."

धान तडतडायला लागलं. लाह्या ओट्यावर, फरशीवर, बाईच्या केसांत. मग आम्ही तिघं परात घेऊन बसलो, कारण न फुटलेला एकही दाणा राहून चालणार नव्हतं. मी आधी चाळलं, मग पाखडलं, मग हाताने निवडलं. बाई म्हणाली, "एवढं नवरी पाह्यतानी नाई पाह्यलं यानं." बायको म्हणाली, "म्हणून तर जमलं." मी चष्मा पुसून पुन्हा परातीत डोकं घातलं, पण हसू आवरत नव्हतं, आणि माझ्या श्वासाने लाह्या उडत होत्या.

शेवटी एक दाणा सापडला, अख्खा, न फुटलेला. मी तो बाईच्या तळहातावर ठेवला. तिने तो दगडावरच्या पानावर ठेवला.

"हा इथीच राहू दे. त्याचे मोठे लोक जाऊन आले हायेत."

मग तिने स्वतः फोन लावून मुलीला सांगितलं, "कळवून टाक त्यायले."

दगड त्या दिवसापासून देवघरात आहे. लोणच्यावर आता माझं जुनं दोन किलोचं वजन ठेवलंय. आणि दर सोमवारी मी अंगणात उभा राहून सूर्य पूर्ण मावळेपर्यंत थांबतो, मग मुलीला मेसेज लिहितो: जेव.